पावसाळ्यात पुन्हा पुन्हा लिंप मोड: किनाऱ्यावरच्या गाडीत इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलचा दोष कसा शोधायचा

लक्षणं ठरलेली असतात. जून-जुलैत सकाळी गाडी काढली, दोन-चार किलोमीटर नीट चालली आणि एकदम पिकअप गेला. पेडल तळापर्यंत दाबलं तरी गाडी उचलत नाही, रेस एका ठिकाणी अडकते, चेक इंजिनचा दिवा लागतो, म्हणजे गाडी लिंप मोडमध्ये, मर्यादित शक्तीवर, गेली. बाजूला घेऊन चावी बंद केली, मिनिटभराने पुन्हा सुरू केली की सगळं जागच्या जागी. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला की पी २१३५ किंवा पी २१३८ हा कोड निघतो. थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) साफ होते, कोड पुसला जातो, आणि पंधरा दिवसांत, महिन्याभरात पुन्हा तेच. त्यानंतर "थ्रॉटल बॉडीच बदला" असा सल्ला मिळतो. महागडी नवी बॉडी बसते आणि पुढच्या पावसात तोच कोड परत येतो.

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यालगत वापरल्या जाणाऱ्या पेट्रोल गाड्यांत हा दोष बहुतेक वेळा थ्रॉटल बॉडीत नसतो. तो कपलरच्या (वायरी जोडणाऱ्या प्लगच्या) पिनांत, अर्थमध्ये (बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणाऱ्या जोडणीत) किंवा मधल्या वायरिंगमध्ये असतो. मोजमाप केल्याशिवाय एकही भाग विकत घेऊ नका. शंभर रुपयांचं डिस्टिल्ड वॉटर आणि एक साधा मल्टिमीटर जे काम करतो, ते नवा भाग करू शकत नाही.

आत नेमकं काय चालतं

जुन्या गाडीत पेडलपासून थ्रॉटलपर्यंत लोखंडी केबल होती. आता ती नाही. पेडलवर दोन सेन्सर असतात आणि पाय किती दाबला हे ते दोघेही स्वतंत्रपणे ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, कळवतात. पाय, इंजिनचा वेग, एसी, ट्रॅक्शन कंट्रोल यांचा हिशोब करून ईसीयू बटरफ्लाय (हवेच्या वाटेतली फिरती झडप) किती उघडायचा ते ठरवतो आणि थ्रॉटल बॉडीतल्या छोट्या डीसी मोटरला करंट देतो. मोटर प्लास्टिकच्या दातेरी चक्रांतून बटरफ्लाय फिरवते. तो खरोखर किती उघडला हे सांगायला तिथेही दोन सेन्सर आहेत.

दोन-दोन सेन्सर कशासाठी? एक खोटं बोलला तर दुसऱ्यावरून पकडता यावा म्हणून. पाय वर असताना थ्रॉटल उघडा राहणं हा जिवाशी खेळ आहे, त्यामुळे दोघांच्या सांगण्यात फरक पडला की ईसीयू वाद घालत बसत नाही. तो मोटरचा करंट तोडतो. मग स्प्रिंग बटरफ्लायला ठरलेल्या थोड्याशा उघड्या जागी आणून ठेवते. पूर्ण बंद नाही, कारण गाडी रस्त्याच्या कडेला नेण्याइतकी हवा मिळाली पाहिजे. पुढची शक्ती इंधन आणि स्पार्क कमी-जास्त करून मर्यादित ठेवली जाते. हाच लिंप मोड. म्हणजे लिंप मोड ही बिघाडाची नव्हे, यंत्रणा नीट काम करत असल्याची खूण आहे. कुठल्यातरी सेन्सरचा व्होल्टेज तिला पटलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

थ्रॉटल बॉडीच्या कपलरला बहुधा सहा पिना असतात: मोटरच्या दोन, ५ व्होल्टची एक, सेन्सर अर्थची एक आणि सिग्नलच्या दोन. पेडलच्या कपलरलाही साधारण सहा, पण तिथे दोन्ही सेन्सरांना ५ व्होल्ट आणि अर्थ वेगवेगळे दिलेले असतात. हा फरक लक्षात ठेवा, निदान करताना तो कामाला येतो.

पावसातच का, आणि दुरुस्त होऊन परत का

उन्हाळ्यात खारं वारं कपलरच्या फटीतून मिठाचे बारीक कण आत सोडतं. कोरड्या हवेत ते मीठ काही करत नाही. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढून ओलं होतं. कोकणात पावसाळाभर आर्द्रता त्याच्या वरच असते. म्हणजे कपलरवर थेंबही न पडता आतल्या पिनांमध्ये खाऱ्या पाण्याचा पातळ थर तयार होतो. त्यातून एका पिनेचा करंट दुसरीकडे झिरपतो आणि तांब्यावर हिरवट थर चढतो. दुपारी बॉनेटखालच्या उष्णतेने तो सुकतो, म्हणून गॅरेजमध्ये पोचेपर्यंत गाडी बरी झालेली असते.

शिवाय इंजिनाच्या थरथरीने पिना एकमेकींवर घासून त्यांचा कथलाचा मुलामा झिजतो आणि काळी भुकटी होते. ही भुकटी वीज नीट वाहू देत नाही. आता थ्रॉटल बॉडी साफ करायची म्हणजे कपलर काढावा लागतो आणि परत लावावा लागतो. त्या काढण्या-लावण्यात भुकटी खरवडली जाते आणि जोड काही दिवस चांगला होतो. श्रेय मात्र क्लीनरला मिळतं. दर वेळी साफसफाईनंतर गाडी महिनाभर बरी चालत असेल तर तेवढ्यावरूनच कपलरवर संशय घ्यायला हवा.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. कॉन्टॅक्ट क्लीनरच्या फवाऱ्यात मीठ विरघळत नाही. तेलकटपणा जातो, मीठ तिथेच राहतं. मिठाला पाणीच लागतं.

कोड पुसण्याआधी

स्कॅनर लावल्यावर आधी फ्रीझ फ्रेम लिहून घ्या किंवा फोटो काढा. कोड आला त्या क्षणाचं इंजिनचं तापमान, वेग, आरपीएम आणि व्होल्टेज त्यात असतात. कोड पुसला की हेही जातं. तापमान २५-३० अंश असेल, म्हणजे गाडी थंड असताना सकाळीच झालं असेल, तर ओलावा धरा. ९० च्या वर, घाट चढताना झालं असेल तर उष्णतेने सैल होणारा जोड किंवा इंजिन हलल्यावर ताणली जाणारी वायर शोधा. कुंभार्ली किंवा आंबा घाटात दुसऱ्या गिअरमध्ये जोर लावला की इंजिन माउंटिंगवर कलतं, आणि त्याबरोबर थ्रॉटलची वायरिंगही ओढली जाते. व्होल्टेज ११-१२ च्या आसपास असेल तर थ्रॉटल सोडा, आधी बॅटरी आणि अल्टरनेटर पाहा.

कोडवरून दिशा अशी ठरते. पी २१३५ थ्रॉटलच्या दोन सेन्सरांत मेळ नसल्याचा, पी २१३८ पेडलच्या. पी ०१२२, ०२२२, २१२२, २१२७ हे सिग्नल फार खाली गेल्याचे. पी ०१२३, ०२२३, २१२३, २१२८ फार वर गेल्याचे. पी २१०१, ०६३८, २१११, २११२ हे मोटरचे किंवा बटरफ्लाय अडकल्याचे, आणि कार्बनचा संशय घ्यायचा तो इथे. सेन्सरांचा मेळ नसणं आणि कार्बन यांचा संबंध जवळपास नसतो, तरी पी २१३५ दिसला की थ्रॉटल साफ करण्याची पद्धत पडली आहे.

पी ०६४१ किंवा ०६५१ सोबत असेल तर ईसीयूची ५ व्होल्टची लाइनच खाली बसते आहे. ही लाइन बऱ्याच गाड्यांत एसीच्या प्रेशर सेन्सरलाही जाते. तो सेन्सर पुढच्या बंपरमागे, कंडेन्सरजवळ असतो आणि रस्त्यावरचा चिखल, खारट पाणी थेट अंगावर घेतो. तो आत शॉर्ट झाला की दोष थ्रॉटलचा वाटतो. मीटर ५ व्होल्टच्या वायरवर ठेवून त्या लाइनवरचे सेन्सर एकेक करून काढा. ज्याचा कपलर काढताच ५ व्होल्ट परत येतात, तो दोषी.

मोजमाप

आधी अर्थ, कारण ते सोपं आहे आणि किनाऱ्यावर तेच आधी खराब होतं. इंजिन सुरू, हेडलाइट, ब्लोअर, मागचा डिफॉगर चालू. मीटर डीसी व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, क्लॅम्पवर नव्हे, आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर इंजिनाची अर्थपट्टी किंवा बॉडीवरचा तिचा बोल्ट गंजला आहे. तेच बॅटरी आणि बॉडीमध्ये मोजा. ओहममध्ये मोजून उपयोग नाही. दहापैकी आठ तारा तुटलेली अर्थपट्टीही ओहममध्ये शून्यच दाखवते, भार टाकल्यावरच तिचं खरं रूप कळतं.

मग ५ व्होल्ट. कपलर लावलेला ठेवून त्याच्या मागून वायरजवळ बारीक सुई सरकवा आणि मोजा. वायरचं आवरण टोचू नका. इथल्या हवेत त्या एका टोचण्यातून वायर आतून हिरवी पडत जाते आणि वर्षभराने नवा दोष उभा राहतो. ४.९ ते ५.१ व्होल्ट हवेत.

आता सिग्नल. इथे थोडा हिशोब करा, दोष कुठल्या वायरमध्ये आहे ते बसल्या जागी कळतं. पुष्कळ थ्रॉटल बॉडींत एक सेन्सर चढता आणि दुसरा उतरता असतो, आणि दोघांची बेरीज कायम ५ व्होल्टच्या आसपास राहते. समजा बंद थ्रॉटलला पहिला ०.७५ आणि दुसरा ४.२५ दाखवतो. आता अर्थच्या पिनेत गंजामुळे २० ओहम रोध आला. सेन्सर साधारण १० मिलीॲम्पिअर ओढत असेल, तर तिथे ०.२ व्होल्ट अडकतात. पहिला होतो ०.९२, दुसरा ४.२८, बेरीज ५.२०. तोच २० ओहम ५ व्होल्टच्या पिनेत आला तर ०.७२ आणि ४.०८, बेरीज ४.८०.

म्हणून बेरीज ५ च्या वर गेली तर अर्थची पिन, खाली आली तर ५ व्होल्टची पिन, आणि एकच आकडा हलला, दुसरा जागेवर राहिला तर त्या एका सिग्नलची वायर किंवा सेन्सर. हा हिशोब स्कॅनरवर करायचा तर त्यावर आकडे व्होल्टमध्ये दिसायला हवेत. मीटरने मोजत असाल तर काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवा, कपलरमधल्या सेन्सर अर्थवर ठेवलंत तर अर्थचा दोष लपेल. काही गाड्यांत दोन्ही सेन्सर चढतेच असतात, फक्त दुसरा ठरावीक अंतर राखून वर असतो. तिथे बेरजेऐवजी ते अंतर पाहा.

पेडलमध्ये बहुधा दुसरा सेन्सर पहिल्याच्या निम्मा असतो: ०.७५ ला ०.३७ च्या आसपास, ४ ला २. काही गाड्यांत निम्म्याऐवजी ठरावीक फरक असतो, तो त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळेल. पेडलच्या दोन्ही सेन्सरांचे ५ व्होल्ट आणि अर्थ वेगळे असल्याने पिन खराब झाली तरी एकच आकडा बिघडतो. इंजिन बंद, चावी ऑन, पेडल दहा सेकंदांत हळूहळू तळापर्यंत न्या आणि तितक्याच हळू सोडा. स्कॅनरच्या आलेखावर दोन्ही रेषा गुळगुळीत चढायला-उतरायला हव्यात.

मोबाइलला जोडायचं स्वस्त ब्लूटूथ अडॅप्टर सेकंदाला मोजकेच आकडे घेतं. क्षणभराचा झटका त्यातून निसटतो, आणि ईसीयू मात्र तो पकडतो. म्हणून एका वेळी दोनच आकडे निवडा, म्हणजे वेग वाढतो. शिवाय वायर हलवत मोजा: कपलरपासून सुरुवात करून एक-एक वीत पुढे सरकत वायरिंग हलकेच वाकवा. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यातून) वायरिंग आत जाते ती जागा आणि बॅटरी ट्रेच्या कडेला ते घासतं ती जागा नीट पाहा.

कोरड्या दिवशी दोष दिसतच नसेल तर बाग शिंपायच्या स्प्रेच्या बाटलीतून साध्या पाण्याचा बारीक तुषार कपलरच्या आसपास मारा आणि आकडे बघत राहा. प्रेशर वॉशर नको. पावसाळ्याआधी इंजिन प्रेशरने धुऊन घेण्याची सवय हे या दोषाचं एक मोठं कारण आहे. कपलरचं रबरी सील वाऱ्या-पावसासाठी असतं, त्या दाबासाठी नसतं.

पिना कशा साफ करायच्या

चावी बंद, बॅटरीचं निगेटिव्ह काढा. कपलर उघडून उजेडात भिंगाखाली पाहा. हिरवट किंवा पांढरी पूड म्हणजे मीठ आणि ओलावा, काळी भुकटी म्हणजे घासण. रबरी सील चपटं पडलं असेल किंवा त्याला चीर असेल तर बाकीची मेहनत पुढच्या पावसात वाहून जाईल.

डिस्टिल्ड वॉटर, तेच बॅटरीत घालायचं, लहान मुलाच्या मऊ टूथब्रशवर घेऊन दोन्ही बाजू धुवा. दोन-तीन वेळा, दर वेळी ताजं पाणी. त्यावर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, पाणी बाहेर काढायला. मग ब्लोअरच्या थंड हवेने पूर्ण सुकवा. सॅंडपेपर किंवा ब्लेड पिनांना लावू नका. मुलामा जातो आणि तांबं उघडं पडतं.

सुकल्यावर मादी पिनांची पकड तपासा. त्याच मापाची सुटी नर पिन घालून ओढून पाहा, थोडा अडथळा जाणवला पाहिजे. पिन अलगद निसटली तर ती सैल आहे. चिमट्याने दाबून ती तात्पुरती घट्ट होते, पण खरा उपाय म्हणजे पिन बदलणं किंवा वायरसकट नवा कपलर जोडणं. जोड क्रिंप करा आणि त्यावर आतून गोंद असलेली हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी) नळी चढवा. काळी इन्सुलेशन टेप उन्हाळ्यात सुटते आणि तिच्या चिकट थरात मीठ अडकतं. वायर कापल्यावर आतल्या तारा काळ्या किंवा हिरव्या निघाल्या तर चकाकतं तांबं दिसेपर्यंत मागे कापत जा. गंज आवरणाच्या आतून बराच पुढे चढलेला असतो.

शेवटी सिलिकॉन डायलेक्ट्रिक ग्रीस रबरी सीलवर आणि कपलरच्या तोंडाशी पातळ लावा. पिनांवर थापायचं नाही. साधं चाकाचं ग्रीस चालणार नाही, ते रबर फुगवतं. अर्थच्या बोल्टखालचा गंज मात्र पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासा, बोल्ट आवळा आणि नंतर वरून पेट्रोलियम जेली लावा.

केबिनमधलं पाणी आणि उपऱ्या वायरी

पी २१३८ असेल तर वायपरखालची जाळी उघडा. सुरूच्या काड्या, आंब्याची पानं, मोहोराचा चुरा यांनी तिथली पाण्याची वाट बुजते. गाडी झाडाखाली लागते आणि हे साचणं कोणाच्या लक्षात येत नाही. तुंबलेलं पाणी फायरवॉलच्या रबरी बुचातून वायरिंगवरून ओघळत आत येतं. पेडलच्या वरचं वायरिंग हाताला ओलसर लागतं का, मॅटखालचा गालिचा दाबल्यावर पाणी सुटतं का, ते पाहा. वाट मोकळी करा, मग पेडलचा कपलर वर सांगितल्याप्रमाणे धुवा. मॅटवर मॅट टाकली असेल तर वरची काढा.

बाहेरून बसवलेलं सीएनजी किट असेल तर त्याच्या वायरी कुठे टोचल्या आहेत ते शोधा. काही किटांत थ्रॉटल सेन्सरच्या सिग्नलवरच जोड मारलेला असतो आणि वर टेप गुंडाळलेली असते. पेडल आणि वायरिंग यांच्या मध्ये लावायचे "पिकअप वाढवणारे" डबे निदानापूर्वी काढून टाका. ते पेडलच्या सिग्नलमध्येच ढवळाढवळ करतात. उंदरांनी कुरतडलेली वायर हेही पावसाळ्यात नित्याचं आहे.

ब्रेकचा स्विच विसरू नका. पेडल आणि ब्रेक एकत्र दाबले गेले असं ईसीयूला वाटलं तर बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम शक्ती काढून घेतो. पी ०५०४ किंवा ०५७१ असेल, किंवा पिकअप जातो पण थ्रॉटलचा कोडच नसेल, तर ब्रेक लाइट विनाकारण लागतोय का ते पाहा. मागच्या दिव्यात पाणी शिरून सॉकेट गंजलं तरी असं होतं.

थ्रॉटल खरंच साफ करायची वेळ आली तर

आयडलिंग वर-खाली होतंय, सिग्नलला गाडी बंद पडते, पी ०५०६ किंवा २१०१ आहे, तेव्हा कार्बनचा विचार करा. क्रॅंककेसमधून येणारी तेलाची वाफ बटरफ्लायच्या कडेला चिकटते आणि हवेची वाट अरुंद होते. थ्रॉटल बॉडीचाच क्लीनर कापडावर घ्या आणि पुसा. सरळ फवारला तर तो शाफ्टच्या कडेने सेन्सर आणि मोटरपर्यंत जातो. चावी ऑन असताना बटरफ्लायला बोट लावायचं नाही, मोटर अचानक फिरते आणि बोट सापडतं. चावी बंद असतानाही त्याला झटक्याने ढकलू नका, आतली प्लास्टिकची चक्रं तुटतात.

साफ केल्यावर आयडलिंग वाढलेलं राहतं, कारण ईसीयू अजून जुन्या घाणीच्या हिशोबाने जास्त उघडतो आहे. त्याला बंद जागा पुन्हा शिकवावी लागते. पद्धत गाडीगणिक वेगळी असते. काहींत इंजिन सुरू न करता चावी काही सेकंद ऑन ठेवून बंद करणं पुरतं, काहींत स्कॅनरच लागतो. आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमधली पद्धत वापरा. बॉडी किंवा पेडल बदललं तरी हे करावंच लागतं.

डिझेल गाडीतही थ्रॉटलची झडप दिसते, पण तिथे शक्ती इंधनाने ठरते. ती झडप मुख्यतः ईजीआर आणि डीपीएफ या धुराचं प्रदूषण कमी करणाऱ्या यंत्रणांसाठी आणि इंजिन हळुवार बंद होण्यासाठी असते. म्हणून डिझेलमध्ये पिकअप जाऊन पी २१३८ आला तर पेडल आणि वायरिंगच तपासा.

घाटात झालं तर

चालत्या गाडीची चावी बंद करू नका, स्टिअरिंग आणि ब्रेकची मदत जाईल. हॅझर्ड लावा, एसी बंद करा, मिळेल त्या वेगाने रुंद जागा गाठा. थांबल्यावर चावी बंद करून मिनिटभर थांबा आणि सुरू करा. पुन्हा लगेच लिंप मोड आला तर घाट चढायच्या फंदात पडू नका. वळणावर शक्ती नसलेली गाडी मागच्या ट्रकसाठी धोका आहे.

दुरुस्तीनंतर कोड पुसला असेल तर लगेच निष्कर्ष काढू नका. आठवडाभर रोजची सकाळची फेरी होऊ द्या, त्यात एखादा मुसळधार दिवस असू द्या, आणि मग पेंडिंग (अजून पक्के न झालेले) कोड वाचा. चेक इंजिनचा दिवा लागण्याआधी काही दोष पेंडिंगमध्येच दिसतात. कोड पुसला नसेल तर सहसा सलग तीन निर्दोष फेऱ्यांनंतर दिवा आपोआप विझतो, मात्र नोंद ईसीयूत बराच काळ राहते. ती दिसली म्हणून पुन्हा थ्रॉटल बॉडी उघडायची गरज नाही, फ्रीझ फ्रेममधले आकडे जुनेच आहेत का एवढं ताडून पाहा. पुढच्या वर्षी मे अखेरीस, पहिल्या पावसाआधी, थ्रॉटल, पेडल आणि एसी प्रेशर सेन्सर या तीन कपलरांचं मीठ धुऊन टाका.